काळ्या घोडीच्या कानातले केस

शिंगरू जन्मलं की त्याचा रंग सांगायचा तो रंगकाकांनीच. कानात डोकवायचं, पापणी उलटून बघायची आणि बोलायचं. मालकीणबाई वहीत तेच उतरवायच्या. एकतीस वर्षं तबेल्यात त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एका गोष्टीला मात्र काका टरकून असत. रंग फिका करणाऱ्या त्या आनुवंशिक गुणाला ते साय म्हणत. आईबापांपैकी एकाकडून साय आली, तर तांबडं शिंगरू सोनेरी होतं. काळ्यावर ती दिसतच नाही म्हणा ना, कानातले केस तेवढे पिवळट. पण दोघांकडून आली, की शिंगरू दुधाळ, निळ्या डोळ्यांचं.

नऊ वर्षांपूर्वी एका शिंगरीच्या कानात त्यांना ते पिवळे केस दिसले होते. पण मालकीणबाई अस्सल काळ्या घोडीसाठी जीव टाकत होत्या. काकांनी ठोकून दिलं, "काळी!" तेव्हापासून तिचे कान ते स्वतःच कातरत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

ती घोडी सोनेरी घोड्याकडे नेली, तेव्हाच काकांची झोप उडाली. परवा दुपारी ती व्याली, आणि त्याच घोड्याकडे नेलेली शेजारच्या खणातली सोनेरी घोडीही. दोघींपाशी काकांची लेक होती. सोनेरीला झालं तांबडं, आणि काळीला दुधाळ, निळ्या डोळ्यांचं शिंगरू!

"काळीत साय नाही, मग हे तिचं कसं?" मालकीणबाई लेकीवर कडाडल्या. "शिंगरं पुसताना अदलाबदल केलीस तू. दोन दिवसांत कबूल कर, नाहीतर पुन्हा या तबेल्यात पाऊल टाकू नकोस."

काका मूग गिळून बसले. खरं सांगितलं तर एकतीस वर्षांची अब्रू मातीत! इतकं भ्याड आपण कधी झालो, हेच त्यांना कळेना.

आज लेक मालकीणबाईंसमोर उभी राहिली. "अदलाबदल केल्याचं मला आठवत नाही. पण बाबा काळी म्हणाले म्हणजे ती काळीच. चूक माझीच असणार."

काकांना राहवेना. "अगं, तुझी नाही गं चूक! साय आहे तिच्यात. मीच लपवली. महिनाभर तिच्या कानांना कात्री लावू नका बाई, मग स्वतःच बघा."

आता शिव्या पडणार म्हणून काका मान खाली घालून उभे होते. पण बोलली ती लेक.

"दोन दिवस मी वेड्यासारखी स्वतःलाच खोटं ठरवत होते, बाबा. आणि तुम्ही समोर बसून बघत होतात?"