न मोजलेल्या मेंढ्यांचा दावा

कोर्टातली फाईल निकाल लागला की बांधली जाते, रेकॉर्डला जाते आणि तिचं काम संपतं. किस्से मात्र आमच्या ऑफिसच्या बाकड्यावरच मुक्काम ठोकतात. मी वडूजला जगदाळे वकीलबाईंकडे एकवीस वर्षं कारकुनी करतोय. लोक मला भाऊसाहेब म्हणतात, ते माझा पगार बघून नव्हे! चहा सांगितला की एक किस्सा निघतो आणि त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. धुळातात्याच्या दाव्याचे तर इतके साठलेत की पाहुणा आला की बाईच म्हणतात, "भाऊसाहेब, तात्या होऊन जाऊ द्या."

*

धुळातात्या म्हणजे वडूजच्या पूर्वेला माळावर वस्ती असलेला मेंढपाळ. पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा खांद्यावर काठी आणि चार पावलं मागं हौसाकाकू.

प्रकरण असं होतं. एका लस बनवणाऱ्या कंपनीनं गावात मेंढ्यांचं शिबिर घेतलं. माणसं जीपमधून आली, घाईघाईत सगळ्या कळपाला टोचलं, टोचलेल्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा मारला आणि पुढच्या गावाला गेली. तात्याच्या बऱ्याच मेंढ्या गाभण होत्या. ही लस गाभण मेंढीला द्यायची नाही, असं बाटलीबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण गाभण कुठली, हे कुणी विचारलंच नाही. पंधरवड्यात मेंढ्यांनी गाभ टाकले, काही दगावल्या.

बाईंनी विचारलं, "एकूण मेंढ्या किती होत्या?"

उत्तर तात्याच्या मागून आलं. "मोजत न्हाई आमी," हौसाकाकू म्हणाल्या. "मोजलं की नजर लागती."

मी मध्ये तोंड घातलं. मोजत नाही तर एखादी हरवली हे कळतं कसं, असं विचारलं. तात्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"भाऊसाब, घरातलं मानूस जेवाय न्हाई आलं, तर तुमी काय मोजून बघता व्हय?"

मग त्यानं डोळे मिटून नावं सांगायला सुरुवात केली. कारी, बांडी, भोळी, तिरळी, जावळाची. मी अडीच पानं लिहिली. सगळ्यात शेवटी लांबकानी. पण कोर्टात दावा लावायचा तर आकडा लागतोच. मी बोट ठेवून नावं मोजायला लागलो, तसा तात्या उठून थेट रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला. आकडा त्यानं आजतागायत विचारलेला नाही. त्याच्याशी इमान राखून मी तुम्हालाही सांगणार नाही.

*

कंपनीनं पुण्याहून वकील दिला. केदारसाहेब. हुशार माणूस, इस्त्रीची घडी मोडणार नाही असं बसणारा. त्यांचं उत्तर चौदा पानी आलं आणि सगळ्याचं सार एकच होतं, या माणसाच्या मेंढ्या आमच्या शिबिराला आल्याच नव्हत्या. रजिस्टरात गावाचं नाव तेवढं होतं, मालकांची नव्हती.

बाई डोक्याला हात लावून बसल्या. पुरावा कुठून आणायचा? तेव्हा आतापर्यंत मागं बसून ऐकणाऱ्या हौसाकाकूंनी पिशवीतून एक नवी घोंगडी काढली आणि टेबलावर पसरली. काळी घोंगडी, आणि तिच्यात मधूनमधून निळे धागे.

लोकर कातरली तेव्हा पाठीवरचा रंग लोकरीबरोबर आला होता. विणणाऱ्यानं सांगितलं होतं, निळी लोकर टाकून द्या, घोंगडी बिघडेल. काकूंनी ती वेगळी पिंजली, सूत काढलं आणि विणायलाच लावली.

"पोटातली गेली, मेंढ्या गेल्या," काकू म्हणाल्या. "एवढीच ऱ्हायली. ती कशी टाकू?"

बाईंनी एका निळ्या धाग्यावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, यादी करा. पुरावा नंबर एक, घोंगडी."

कोर्टात त्या घोंगडीला निशाणी नंबर पडला. नंबराची चिठ्ठी लोकरीला चिकटेना, म्हणून मीच सुईदोऱ्यानं शिवली. शिबिराचा डॉक्टर साक्षीला आला, सरळ माणूस. त्यानं घोंगडी उजेडात धरली आणि म्हणाला, "रंग आमचाच आहे." केदारसाहेबांनी चष्मा काढून पुसला. दाव्यात काही उलटं गेलं की ते चष्मा पुसायचे. पुढंपुढं आम्ही चष्म्यावरूनच केस कशी चाललीय ते ओळखायला लागलो!

*

तारखा पडत गेल्या आणि थंडी आली. तात्या सकाळी सातच्या एसटीनं यायचा आणि कोर्टाच्या पायरीवर कुडकुडत बसायचा. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊसाब, कपाटाला थंडी वाजती का वं?"

मला कळायला वेळ लागला. घोंगडी कोर्टाच्या कपाटात होती! बाईंनी अर्ज दिला. न्यायाधीशांनी फोटो ठेवून घेतला आणि हवी तेव्हा हजर करायच्या बोलीवर घोंगडी परत दिली. तात्या ती पांघरून यायचा, पण कोर्टाच्या दारात आला की काढून घडी घालायचा. आत ती कोर्टाची, बाहेर त्याची, असा त्याचा हिशोब होता.

*

मग तात्याचा उलटतपास आला. म्हणजे समोरच्या वकिलानं साक्षीदाराला आडवे प्रश्न विचारायचे आणि त्याला गडबडवायचं. केदारसाहेबांनी माझी अडीच पानं हातात घेतली.

तोवर तात्याकडं एकही मेंढी उरलेली नव्हती. कळप एवढासा झाला, म्हणून पोरगा सोनं गाळायच्या कामाला परमुलखात गेला, आणि उरलेली मेंढरं लोणंदच्या बाजारात विकावी लागली. साहेबांनी नेमकं तेच धरलं. नावं तुम्हीच ठेवलीत, तुम्हीच सांगितलीत, आणि मेंढ्या आता तुमच्याकडं नाहीत. मग हे सगळं खरं कशावरून? ही शेवटची लांबकानी, तिची खूण काय?

"ती आमच्या हिच्या पदराला तोंड घालती," तात्या म्हणाला. "दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी तो पिकू दिला आणि मग मऊ आवाजात विचारलं, "मग आता लांबकानी येणार का साक्षीला?"

तात्या खाली बघत राहिला. मला त्या दिवशी केदारसाहेबांचा भयंकर राग आला होता, खरं सांगतो. गरिबाला खोटं ठरवणं एवढं सोपं असतं, हे मी एकवीस वर्षं बघत आलोय आणि अजून सवय होत नाही.

*

पण घोंगडीनं काम केलं होतं. कंपनीनं तडजोडीचा निरोप पाठवला. चूक मान्य न करता, केवळ सहानुभूती म्हणून, अमुक रक्कम देऊ.

तात्यानं रक्कम ऐकूनसुद्धा घेतली नाही. म्हणाला, माझी मेंढरं गेली, मला मेंढरं द्या. आणि दुसरी एक अट. कंपनी जिथं जिथं टोचायला जाईल, तिथल्या फॉर्मवर एक रकाना छापायचा, मेंढी गाभण आहे का, आणि तो मालकाला विचारून भरायचा.

मेंढ्यांना कंपनी लगेच तयार झाली. रकान्याला नाही! रकाना छापला म्हणजे आधी नव्हता हे कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. तीन बैठका झाल्या. बाईसुद्धा दमल्या, तात्याला म्हणाल्या, मेंढ्या मिळतायत, रकाना सोडून द्या. कंपनीचा साहेब म्हणाला, तुम्ही लसीच्याच विरोधात आहात.

"लशीवर माझा राग न्हाई," तात्या म्हणाला. "नवी मेंढरं आली की पयली लसच टोचणार हाय. पर इचारून. चूक नगा मानू सायेब, रकाना तेवढा द्या."

केदारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि आपल्याच अशिलाला म्हणाले, "द्या."

तडजोडीचा कागद झाला. रकाना छापलेला पहिला फॉर्म आमच्या ऑफिसात काचेखाली आहे, आलात की बघा. त्या दिवशी बाईंनी सगळ्या कोर्टाला पेढे वाटले, समोरच्या पार्टीलासुद्धा!

*

मेंढ्या पोचवायच्या दिवशी आम्ही सगळे माळावर गेलो. पावतीवर सह्या घ्यायला केदारसाहेब पुण्याहून आले होते, पांढरे बूट घालून. कंपनीच्या एजंटानं लोणंदच्या बाजारातून मिळतील तशा मेंढ्या गोळा करून आणल्या होत्या. टेम्पोचं फाळकं उघडलं आणि कळप बावरून एका कोपऱ्यात दाटला. एजंट मोजायला लागला, तशी तात्यानं पाठ फिरवली.

हौसाकाकू वस्तीच्या दाराशी पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. गर्दीतून एक मेंढी बाहेर आली. कान पार गळ्याखाली लोंबणारे. एजंटाच्या काठीला हुलकावणी देऊन ती सरळ माळ ओलांडून गेली आणि काकूंच्या पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली.

काकूंच्या हातातली बादली पडली. त्या खाली बसल्या आणि मेंढीच्या मानेत तोंड घालून रडायला लागल्या.

तात्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, तिची नीट घडी घातली आणि केदारसाहेबांसमोर येऊन उभा राहिला.

"सायेब, लांबकानी आलीया साक्षीला. इचारा काय इचारायचं ते."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून ते त्या दोघींकडं बघत राहिले. मग म्हणाले, "उलटतपास नाही."