चाळीसवर अडकलेला काटा

मी ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव आसगाव, गॅरेज कारध्याला. जुन्या जीपा दुरुस्त करतो. बाकी काही येत नाही मला.

मागच्या महिन्यात सकाळी नऊला बपेऱ्याचे गुलाबभाऊ आपली जुनी जीप घेऊन आले. मोहनचे हे थोरले भाऊ, धानाचे व्यापारी. मोहन माझ्या युनिटमध्ये ड्रायव्हर होता. नायक. वीस वर्षं झाली त्याला जाऊन.

"हवालदार, सारे मीटर बदलून दे. एकबी खरं बोलत नाही," भाऊ म्हणाले.

चार दिवस लागले. टेम्परेचर, डिझेल, ॲम्पिअर, सगळे नवे इलेक्ट्रिक मीटर बसवले, वायरिंग नवं ओढलं. शेवटी ऑइल प्रेशरचा, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा. भाऊ शेजारी बसले. इंजिन चालू केलं, काटा चाळीसवर गेला. बंद केलं, काटा शून्यावर आला.

"मोहनले आवडलं असतं," भाऊ म्हणाले. "पर लय हट्टी होता. सायब गाडी सोड म्हणून राहिले, अन् हा सोडे ना. माय अजून त्याच्यावर रागावून आहे."

कपाटातून डबा काढला. डब्यातला जुना मीटर भाऊंच्या हातात दिला. त्याचा काटा चाळीसवर होता.

तुम्हा सिव्हिलियन लोकांना सांगतो. जुन्या मीटरला इंजिनकडून तेलाची बारीक तांब्याची नळी येते. बर्फातल्या वरच्या पोस्टवर होतो तेव्हा आमच्या जीपची ती नळी गळायला लागली. दुसऱ्या दिवशी सीओ साहेबांचं इन्स्पेक्शन. गाडी ऑफ-रोड, म्हणजे नादुरुस्त, दाखवली तर माझी धुलाई ठरलेली. मी इंजिन चालू ठेवून नळी गळतीच्या दोन्ही बाजूंना पक्कडीनं चेपली. आतलं तेल अडकलं, काटा चाळीसवर थांबला. इन्स्पेक्शन पास. लॉगबुकात लिहिलं, ओके. मोठा शहाणा मी!

इन्स्पेक्शननंतर मी नवी नळी आणायला स्टोअरला गेलो. मोहन त्याच दुपारी सुट्टीवरून परतला होता. त्याला कोण सांगणार?

चौदा वीसला पुढच्या पोस्टवरून मेसेज आला, एक जवान सीरियस. मोहन जीप घेऊन गेला. मी परत आलो तेव्हा जागा रिकामी होती.

पेशंट घेऊन परतताना वळणावर इंजिन जाम झालं. वाटेत दगडानं इंजिनखालचा ऑइल संप फुटला होता, तेल गळून गेलं होतं. काटा खरा असता तर मोहननं तिथंच गाडी थांबवली असती. पेशंटला स्ट्रेचर पार्टीनं पुढं नेलं. तो वाचला. वर उतारावर बर्फ साचलेला. कंपनी कमांडर साहेब रेडिओवर होते, मी त्यांच्या मागं उभा.

"गाडी सोड. चालत ये. ओव्हर."

"सर, बंद पडेपर्यंत ऑइल प्रेशर चाळीस होतं. इंजिन ठीक आहे. दहा मिनट द्या. ओव्हर."

मीटर खोटा आहे, एवढे तीन शब्द. माझ्या जिभेवर होते. कोर्ट मार्शल डोळ्यांपुढं दिसलं आणि मी गप्प राहिलो. साहेबांनी पुन्हा हुकूम दिला. मोहन म्हणाला, "बस पाच मिनट, सर."

सोळा चाळीसला बर्फ खाली आला.

मोहन दुसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला. जीप उन्हाळ्यात निघाली. तोवर इन्क्वायरी संपली होती, हुकूम मोडल्याचा ठपका मोहनवर. सगळ्यांच्या आधी मी डॅशबोर्डपाशी पोचलो आणि मीटर काढून खिशात घातला.

भाऊ मीटर उलटासुलटा करत राहिले.

"म्हंजे हट्ट नोहता?"

"नाही भाऊ. त्यानं काट्यावर भरोसा ठेवला. काटा माझा होता."

"वीस वर्षं काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो."

मला वाटलं, आता मारतील. मारायला हवं होतं. भाऊ उठले, जीपमध्ये बसले. "चाल बपेऱ्याले. मायले तूच सांग."

मोहनच्या आई ओसरीत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, वेळेसकट. एक शब्द लपवला नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या, रडल्या नाहीत. मग भाऊंना म्हणाल्या, "फोटो काढ रे खाली."

भाऊंनी वर्दीतला फोटो आणून मांडीवर ठेवला. आईनं पदरानं काच पुसली.

"मोहन," त्या म्हणाल्या, "मी तुले उगाच बोलली रे बापा. वीस वर्षं उगाच बोलली."

माझ्याकडं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. मी सॅल्यूट केला आणि बाहेर आलो.

लॉगबुकात जे लिहायला हवं होतं ते इथं लिहितो. नायक मोहन, ड्रायव्हर. हुकूम मोडणारा नव्हता. काटा चाळीसवर होता, म्हणून थांबला.