भुरीबाईच्या पुस्तकात नसलेला मासा

कामरगावजवळच्या तांड्यात सगळ्यात जाड पुस्तक भुरीबाई राठोडच्या घरी आहे, आणि भुरीबाईला वाचता येत नाही. ऊसतोडीला गेली असताना एका रद्दीच्या ढिगात तिला ते दिसलं. आत जगभरातल्या माशांची चित्रं, कुळांप्रमाणे लावलेली. पुस्तक इंग्रजीत, त्यामुळे तांड्यातली दहावी झालेली पोरंही त्याच्यापुढे तिच्याइतकीच अडाणी. याचं तिला फार बरं वाटे.

लहानपणापासून नाल्यात हाताने मासे धरणारी बाई ती. चित्रं बघून बघून तिने ती कुळं ओळखली आणि त्यांना आपल्या माणसांची नावं देऊन टाकली. मिशांवाले ते राठोड, म्हणजे सासरचे. लखलखीत खवल्यांचे ते पवार, म्हणजे माहेरचे. "सासरचे चिखलातच लोयतेत," असं ती नवऱ्यासमोर, किशनसमोर, बिनदिक्कत सांगे. लोक हसत. हसोत बापडे! नाल्यातला कुठलाही मासा दाखवा, भुरीबाई त्याचं पान काढून देते. हे हसणाऱ्यांपैकी कोणाला जमतं?

एकच मासा मात्र तिला दाद देईना. बोटाएवढा; मिशा दोन; पोटावर बारीक खवले आणि पाठ अगदी गुळगुळीत. दर पावसाळ्यात एखादा हाती लागे आणि ती पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळी. सापडत नसे. आपलंच डोकं कमी, असं तिने धरून ठेवलं. चार वर्षं ही गोष्ट तिला आतून खात होती.

यंदा कॉलेजच्या उज्ज्वला मॅडम नाल्यांतल्या माशांची नोंद करायला आल्या. भुरीबाईने पुस्तक आणि डब्यातल्या पाण्यात फिरणारा तो मासा त्यांच्यापुढे ठेवला. "मॅडम, याचं पान मले काहून सापडत नाई, तेवढं सांगा. मी अडाणी आहो."

मॅडमनी भिंग काढलं, तासभर पानं उलटली. मग म्हणाल्या, "भुरीबाई, तुमचं काही चुकलं नाही. हा मासा या पुस्तकात नाहीच."

भुरीबाईचे डोळे भरून आले. "चार साल मी सोतालेच शिव्या देल्या ना वो!"

"मग कुठल्या कुळात बसवायचा याला? तुम्हाला काय वाटतं?"

शिकलेल्या माणसाने तिला काय वाटतं हे विचारण्याची ही पहिलीच वेळ. तिने मासा ओल्या तळव्यावर घेतला, उलटसुलट केला, नीट निरखून पाण्यात सोडला.

"असं एकावरून नाई सांगता येत, मॅडम," ती म्हणाली. "चला नाल्यावर. अजून चार-पाच धरून पाहू."