हौदाला लोह, धाकटीला बोल

धाकटी म्हणजे माझी जाऊ. जावा-जावांचं पटू नये असा जगाचा नियम आहे, पण आमचं पटतं, आणि सासूबाईंना नेमकं तेच खुपतं. लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी जिना एका दमात चढायची, चढताना बोलायची आणि वर पोचल्यावरही बोलतच असायची. तिला कामाला मीच लावलं, मी राबते त्याच कारखान्यात. शेवाळाच्या.

हसू नका, खायचं शेवाळ असतं. लांबलचक उथळ हौदांत, सोड्याच्या पाण्यात ते वाढवतात, कापडातून गाळतात, वाळवतात आणि गोळ्या करून अशक्त बायकांना विकतात. हौद दिवसभर वल्ह्यानं ढवळत राहावे लागतात. सहा हौद, सहा बायका. बसायला काही नाही, कारण बसलेली बाई मॅनेजरच्या डोळ्यांत सलते.

यंदा बाळंतपणानंतर धाकटी कामावर परतली ती पांढरीफटक. चार पायऱ्या चढली की धाप. हौदाचा कठडा धरून उभी राहायची. नेमका त्याच सुमारास तिचा हौद पिवळट पडायला लागला, आणि मॅनेजरला आयतंच सापडलं.

"नीट ढवळत नाहीस तू. हौद हिरवा झाला नाही तर घरी बस."

घरी बसून कसं चालेल? दिराचं काम सुटलेलं, घर हिच्यावर. बिचारी आणखी जोरात ढवळायला लागली. मग शेजारचा हौद पिवळा पडला, मग माझा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तीन हौद गेल्यावर मात्र कारखान्याला घाम फुटला. त्याच दिवशी तपासणीच्या बाई गाडी करून आणल्या. त्यांनी पाणी बघितलं, शेवाळ काचेखाली धरलं आणि सांगितलं की याला लोह मिळत नाहीये. हिरवा रंग तयार व्हायलाच लोह लागतं, चिमूटभर का होईना. आम्ही लोह टाकत होतो, पण सोड्याच्या पाण्यात त्याचा गाळ होऊन ते तळाशी बसत होतं. ते विरघळलेलं ठेवायचं औषध मॅनेजरनं काटकसर म्हणून बंद केलं होतं. ताटात वाढलेलं, पण घशाखाली उतरत नाही, अशी त्या शेवाळाची गत.

औषध आलं, थोड्याच दिवसांत हौद हिरवेगार झाले. मॅनेजरनं सगळ्यांना चहा पाजला. धाकटीची माफी? डोंबलाची.

बाई पुन्हा पाणी बघायला आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, हौद बघितलेत, आता हिलाही बघा."

बाईंनी धाकटीची खालची पापणी ओढून बघितली. "मी डॉक्टर नाही. पण हिचं रक्त आजच तपासून घ्या."

तपासलं. हिच्याही अंगात लोह नाही. डॉक्टरांनी औषध दिलं आणि दोन महिने बसून काम करायला सांगितलं. पॅकिंगच्या टेबलाशी बसून करायचं काम होतंच. धाकटीनं तेवढंच मागितलं.

मॅनेजर म्हणाला, "मी काय दवाखाना उघडलाय? जमत नसेल तर दुसरी बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हौद पिवळा पडला तर गाड्या धावल्या, औषधं आली. बाई पिवळी पडली तर म्हणे दुसरी बघतो. मी वल्हं खाली ठेवलं आणि तिथंच फरशीवर बसले. बाकीच्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्याही बसल्या. धाकटी तेवढी घाबरून उभी. तिला हाताला धरून मीच खाली बसवलं.

"अगं, शेवाळ मरेल," मॅनेजर म्हणाला.

"मरू दे. उद्या नवं सोडाल, वाढेल. हिच्या लेकराला दुसरी आई कुठून आणून द्याल?"

 जेवणाच्या सुट्टीआधी पॅकिंगच्या टेबलाशी खुर्ची लागली आणि धाकटी तिच्यावर बसली.

लोक म्हणतात, जिंकलात की. कसलं जिंकलो? एका आजारी बाईला बसू द्यायला सहा जणींना काम टाकावं लागलं, आणि तो मेला अजून सांगत फिरतो की खुर्ची त्यानं दिली.