चार बोटं आत

टेनिसच्या कोर्टावर ज्याची हयात गेली, त्या माणसाला ‘चेंडू आत की बाहेर’ एवढं विचारायची सोय नव्हती. विचारलं की आबा मान खाली घालत, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत आणि म्हणत, "मला नगा इचारू, सायेब. तुमचं तुमी ठरवा." भोरच्या आमच्या क्लबात नवीन आलेला प्रत्येक सभासद समजे, म्हाताऱ्याला दिसत नाही. दिसत नाही कसलं! कुंपणापलीकडच्या चिंचेत चेंडू अडकला तर कुठल्या फांदीला, ते हा माणूस खाली उभा राहून चष्म्यावाचून सांगे. पण रेघेचं नाव काढलं की गप्प.

आबा मूळचे गुंजवण्याचे, राजगडाच्या पायथ्याचे. क्लब निघाला तेव्हा कोर्ट कशाशी खातात हे भोरात दोघा-तिघांनाच ठाऊक. क्लब काढण्यात पुढे असलेल्या गावच्या डॉक्टरांनी डोकं चालवलं. म्हणाले, सपाट, टणक, भेग नसलेली जमीन कोण करतो? भाताचं खळं करणारा! मग खोऱ्यात ज्याच्या खळ्याचं नाव होतं त्या आबांना बोलावणं गेलं. त्यांनी मुरूम घातला, पाणी मारलं, लाकडी धुमसाने चोपला आणि वर शेण आणि तांबड्या मातीचा असा काही हात फिरवला की जेवायला पान मांडावं. शेवटपर्यंत त्यांनी त्याला कोर्ट म्हटलं नाही. खळंच म्हणत. "कोरट कचेरीत. हितं खळं." मी वकील, म्हणून हा टोमणा मला विशेष ऐकवला जाई.

खळ्यात कोणी पायताण घालून जात नाही, म्हणून इथेही नाही. रबरी बूट त्यांनी मोठ्या नाराजीने चालवून घेतले, बाकी काही नाही. एकदा बाहेरून आलेले बडे पाहुणे नाल ठोकलेले बूट घालून आत निघाले. आबा सरळ वाटेत मांडी घालून बसले. "माज्यावरनं जावा, सायेब. खळ्यावरनं नगा." पाहुणे लालबुंद झाले, आम्ही सगळे पांढरेफटक. शेवटी पाहुणे मोज्यांवर खेळले आणि घसरून दोनदा पडले. आबांनी त्यांना हात धरून उठवलं, पण चेहऱ्यावर ‘बरं झालं’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

रेघा मारायला बसले की मात्र आबांचा तिटकारा यावा. दोन वेळा सारवलं की जुन्या रेघा जात आणि नव्या माराव्या लागत. बांधकाम खात्यातून लोखंडी फीत मागून आणायची, एकदा मोजायचं, दोनदा मोजायचं, आम्ही रॅकेटी घेऊन ताटकळत उभे, आणि हे तिसऱ्यांदा मोजताहेत! मी एकदा वैतागून म्हटलं, "आबा, दोरी का लावत नाही? पटकन होईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरलो. "दोरी खोटं बोलती," एवढंच म्हणाले.

वर्षातून एकच रजा ते घेत, पौषातली. खण-नारळ घेऊन पायी सारोळ्याला जात, नीरेच्या पुलाखाली तो पाण्यात सोडत आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. कुणाचा नवस म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नवस न्हाई. एका मावलीची वटी हाये." मी वकील माणूस, त्यात तिशीतला. डोळा घालून म्हटलं, "काय आबा, तरुणपणीची काही भानगड?" आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आता मामलेदार आणि डॉक्टर यांच्याविषयी सांगायला हवं. हे आमच्या क्लबाचे दोन जुने विजेते. एके काळी एका ताटात जेवणारे, ‘अरे-तुरे’चे मित्र. क्लबाच्या सुरुवातीच्या वर्षांत दोघांत अखेरचा सामना झाला. शेवटच्या चेंडूवर मामलेदारांनी जोराचा फटका मारला, चेंडू रेघेशी पडला आणि रेघेवर बसलेल्या आबांनी हात वर करून सांगितलं, "भाईर!" तेव्हा आबा सांगत असत. मामलेदार हरले. त्यांनी तिथेच आरडाओरडा केला, की रेघ आत घेतली आहे, हा फटका मी रोज मारतो, हा बाहेर जाणं शक्य नाही. चिटणीस डॉक्टर होते, रेघा त्यांच्या देखरेखीखालच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामलेदार फीत घेऊन मोजायला आले, तर कोर्ट ताजं सारवलेलं! रेघेचा मागमूस नाही. "पुरावा सारवलात," असं मामलेदार चारचौघांत बोलले. डॉक्टर मानी. त्यांनी उत्तर दिलं नाही, पाठ फिरवली. त्या दिवसापासून एकाने दुसऱ्याच्या घराची पायरी चढली नाही.

एवढ्यावर थांबतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच पौषात मामलेदारांच्या पत्नीला पहाटे पोटात असह्य कळा येऊ लागल्या. डॉक्टरांचं घर चार घरं सोडून. मामलेदारांनी त्यांना हाक मारली नाही. गाडी जुंपली आणि वाईला, बाईंच्या माहेरच्या वैद्याकडे निघाले. सारोळ्याच्या पुलापाशी बाई गेल्या.

वीस वर्षं लोटली. दोघेही म्हातारे झाले आणि चिटणीसपद माझ्याकडे आलं. लढाईचे दिवस, चेंडू मिळायची मारामार, क्लब मरगळलेला. मला कल्पना सुचली, की जुन्या विजेत्यांची एक संध्याकाळ करू. पुण्याहून दोघे निवृत्त खेळाडू यायला तयार झाले, पण भोरला पाहायचा होता तो मामलेदार-डॉक्टर सामना. मी मामलेदारांना जाऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, मामलेदारांना आता झेपायचं नाही." डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "मामलेदार म्हणतात, डॉक्टर घाबरले." दोन्ही म्हातारे दोन दिवसांत तयार! मी स्वतःवरच खूश होतो.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी आबा माझ्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसेनात. आणि उभ्या-उभ्या त्यांनी मला ते सांगितलं. त्या सामन्याआधी रात्री अवकाळी शिडकावा झाला होता. मोजायची दोरी तेव्हा घायपाताच्या वाखाची, त्यांनीच वळलेली, गाठी मारून मापं बांधलेली. ती बाहेर राहिली आणि भिजली. भिजलेला वाख आखडतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पहाटे घाई झाली, तशाच दोरीने रेघा मारल्या. सामन्यानंतर मामलेदारांचा आरडाओरडा मनातून जाईना, म्हणून सुकलेली दोरी पुन्हा लावून पाहिली. गाठ रेघेच्या चार बोटं पुढे गेली.

"चेंडू आतच व्हता, सायेब. म्या रेघ बघून सांगितलं, पर रेघच खोटी व्हती. मंग लई भ्या वाटलं. नोकरी जाईल, पोरं ल्हान. म्या कंदील लावला आन् समदं सारवून काढलं. डागदरसायेबास्नी कायबी म्हाईत न्हाई. त्यास्नी उगा चोर ठरवलं. आन् पुढं ती मावली..." ते अंगठ्याने जमीन उकरू लागले. "उद्या दोघंबी येनार. म्या सांगनार हाये."

मी हादरलो, पण आधी आठवला तो माझा कार्यक्रम. वाटली गेलेली आमंत्रणं, पुण्याचे पाहुणे. मी म्हटलं, "आबा, वीस वर्षांनी कशाला उकरता? दाव्याची मुदत केव्हाच गेली."

"मुदत कचेरीत असती, वकीलसायेब."

"तरी उद्या नको. म्हातारी माणसं, हसतखेळत एकत्र येताहेत. तुम्ही गप्प राहिलात तर दिलजमाई होईल." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

संध्याकाळी कोर्टाभोवती बारा गॅसबत्त्या लागल्या. अर्धं भोर लोटलं होतं. पुण्याचे पाहुणे सुंदर खेळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खरा तमाशा सुरू झाला. मामलेदार चौसष्टीचे, गुडघ्याला पट्टा. डॉक्टर त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, दोन फटक्यांत धाप लागणारे. पण काय खेळले! हळूहळू, हुशारीने, एकमेकांच्या जुन्या खोड्या ओळखून. एकदा तर मामलेदार चक्क हसले. मग पाच-पाच झाले आणि मामलेदारांनी तो त्यांचा जुना फटका मारला. चेंडू मागच्या रेघेशी पडला. गॅसबत्तीच्या उजेडात कुणाला नीट दिसलं नाही. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "आत होता. गुण तुमचा."

लोक वाहवा करू लागले. आणि मामलेदारांच्या तोंडून गेलं, "आज आत होय! त्या दिवशी बाहेर होता."

डॉक्टरांनी रॅकेट खाली केली. वाहवा मध्येच थांबली. तेवढ्यात आबा अनवाणी पायांनी कोर्टाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"त्या दिशीबी आतच व्हता, सायेब."

त्यांनी सगळं सांगितलं. भिजलेली दोरी, सुकलेली दोरी, सारवण. एक शब्द स्वतःला सांभाळून घेतला नाही.

"कुणाच्या सांगण्यावरून सारवलंस?" मामलेदारांनी विचारलं.

"कुनाच्याबी न्हाई. माज्या भ्यापायी."

"किती कमी होती रेघ?"

आबांनी हात पुढे करून चार बोटं दाखवली. मामलेदार त्या बोटांकडे पाहत तिथेच सारवणावर बसले. डॉक्टर जाळीला वळसा घालून त्यांच्याजवळ आले. वीस वर्षांनी त्यांनी मित्राला ‘अरे’ म्हटलं. "अरे, मला कळलं होतं रे वहिनींचं. कपडे करून, बॅग भरून ओसरीवर उभा होतो. वाटलं, हाक मारशील. गाडी माझ्या दारावरून गेली."

"दिसला होतास," मामलेदार म्हणाले. "तुझा कंदील मला दिसला होता. तिलाही दिसला. ती म्हणाली, थांबवा. मी बैल हाकले."

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी मामलेदारांच्या पाठीवर हात ठेवला. दोघे लहान मुलांसारखे रडले. मलाही रडू आवरेना. आबा मात्र रडले नाहीत. "ती म्हणाली, थांबवा" हे शब्द त्यांनी ऐकले आणि त्यांचा चेहरा एकदम ओसाड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबामागच्या त्यांच्या खोपटाला बाहेरून कडी होती.

आठ-दहा दिवसांनी मामलेदारांनी आणि डॉक्टरांनी मिळून मला बोलावलं. आबांना घेऊन या म्हणाले. मी गुंजवण्याला गेलो. आबा भावाच्या खळ्यावर भात वाऱ्यावर देत होते. मला गुळाचा चहा दिला. मी निरोप सांगितला, "दोघांनी तुम्हाला माफ केलंय. मामलेदार म्हणाले, आबांपेक्षा चूक माझी मोठी."

आबांनी सुपातले दाणे चाळवले. मग म्हणाले, "त्येंनी त्येंची चूक घेतली, त्यो त्येंचा मोठेपना. माजी मला ऱ्हाऊ द्या. समद्यांनी समद्यांस्नी माफ करून टाकलं, तर त्या मावलीचं कोन?" ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी त्यांच्या भावाचं कार्ड आलं, आबा गेले.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मी टाळली. त्या संध्याकाळी डोळे पुसून उठल्यावर मामलेदारांनी सगळ्यांसमक्ष मला विचारलं होतं, "चिटणीस, तुम्हाला हे ठाऊक होतं?" आबा माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी म्हणालो, "नाही." आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मामलेदार गेले, डॉक्टर गेले, त्या दोघांना खरं सांगायला मला पुढे वर्षं मिळाली होती. सांगितलं नाही. वकिली पुष्कळ चालली, नाव झालं. पण त्या अडाणी माणसाने अर्ध्या भोरासमोर जे केलं, ते मला चार भिंतींत दोन म्हाताऱ्यांसमोरही जमलं नाही.