लेव्हलच्या फाइलमध्ये माझ्या घराचं दार

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आपल्या गेमिंग ग्रुपमधल्या सानपाड्याच्या एकाने स्वतः बनवलेली लेव्हल टाकली होती. लेव्हलमध्ये एवढासा जिना, पण फाइल भलतीच जड. शंका आली म्हणून मी ती उघडली.

लेव्हलची फाइल म्हणजे एक खोकंच. त्यात भिंती-दिवे कुठे आहेत याचा नकाशा असतो आणि भिंतींवर चिकटवायचे फोटो वेगळे. त्या फोटोंत, गेममध्ये कुठेच न दिसणारा एक होता. माझ्या कामोठ्याच्या फ्लॅटचं दार, पाटीवर माझं नाव.

लगेच त्याला फोन केला.

"अगं, लेव्हलची फाइल पॅक करताना फोल्डरमधलं सगळंच आत जातं. गेममध्ये दिसत नाही ना? मग टेन्शन कशाला घेतेस?"

"पॅक कसं होतं ते मलाही माहितीये. तू माझ्या दारापर्यंत आलास कधी?"

"दुसरा कॉल येतोय," म्हणून त्याने फोन ठेवला. दहा मिनिटांत ग्रुपवरून लेव्हल गायब!

माझ्याकडे कॉपी आहे. सेक्रेटरीकाकांना सांगून सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेजही मागितलंय.

चुकून झालं असेल, असं मानायला मी तयार होते. पण त्याला मी पत्ता कधीच दिलेला नाही. तुम्ही मानलं असतं?