स्विच बंद असताना

कापलेलं गवत आणि पेट्रोल यांचा वास आला, की माझी बोटं आजही आपोआप मिटतात.

कॉलेजात असताना बंगळुरूला, सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीत, गवत कापायच्या मशीनची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, मी बदलली. दुसऱ्या दिवशी गवत अडकून मशीन बंद पडलं, तेव्हा माळी मंजण्णांनी स्विच बंद करून पात्यात अडकलेलं गवत ओढलं. बंद इंजिन एकदा खोकलं, पातं गर्रकन फिरलं आणि पुन्हा सगळं शांत. बोटं थोडक्यात वाचली.

"स्विच ऑफ है ना, सर?"

ऑफच होता.

"अंदर कोई है," ते पुटपुटले आणि नोकरी सोडून गेले.

मग मी अंधश्रद्धेविरुद्ध एक पत्रक काढलं आणि त्यात त्यांची यथेच्छ टिंगल केली. पत्रकं अर्धी वाटून झाल्यावर मशीन उघडलं. स्विचकडून येणारी, इंजिन बंद करणारी वायर मी कॉइलला जोडलीच नव्हती; स्विच बंद असला तरी पातं हलताच ठिणगी पडणार होती.

उरलेली पत्रकंही मी वाटली.